लाडू जेवत नाही

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या आवारांमध्ये एक गडगा आहे. जांभ्या चिऱ्यांचा, जेमतेम छातीपर्यंत येणारा. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यातले चार चिरे ढासळले, तिथे एक खिंड पडली ती पडलीच. रत्नागिरीत गडगे हद्दीसाठी घालतात म्हणे. आमचा आम्ही कोपरं टेकायला वापरतो. साडेदहाला दोन्हीकडचे कुकर उतरले की मी इकडून, वहिनी तिकडून.

यंदाच्या मे महिन्यात विषय एकच.

"ताई, आजही नाही हो जेवला."

आता हे कुणाबद्दल, ते सांगते. वहिनींचा मुलगा पुण्याला नोकरीला. घरून काम होतं तेव्हा हौसेने पिवळं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलंन. मग ऑफिसवाले रोज बोलवायला लागले आणि पिल्लू 'थोडे दिवस' म्हणून रत्नागिरीत येऊन पडलं. मुलांचे थोडे दिवस केवढे असतात ते आयांना विचारा. नाव लाडू. वय सात महिने, वजन बावीस किलो, आणि तक्रार ही की लाडू खात नाही.

कोकणातल्या माणसाने ताटातल्या बांगड्याला नको म्हणावं तसं झालं हे. लॅब्रेडॉर म्हणजे खादाडपणाचा आदर्श. माझी भाची शिरवळच्या कॉलेजातून जनावरांची डॉक्टर झाली. तिला फोन केला तर ती आधी हसलीच. म्हणाली, "मावशी, केंब्रिजच्या लोकांनी २०१६ साली शोधून काढलंय. दर चार लॅब्रेडॉरांतल्या साधारण एकात पीओएमसी नावाच्या जनुकाचा बारकासा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप त्यांच्या मेंदूला धड पोचतच नाही. तुमचा लाडू उरलेल्या तिघांतला असेल. पण तरी लॅब्रेडॉर नाक मुरडतो म्हणजे आधी आजार बघा, मग घरातली माणसं बघा."

त्या शेवटच्या वाक्याकडे तेव्हा आमचं लक्ष गेलं नाही.

आजार बघायला वहिनी आधीच जाऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी ताप बघितला, १०२ निघाला, आणि वहिनींच्या पोटात गोळा आला. आपल्याला १०२ म्हणजे अंथरूण. कुत्र्याचं रोजचंच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हे तिथे कळलं. मग कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधले, कारण गोचीडतापात कुत्रं पहिलं अन्न सोडतं. रक्त तपासलं, जंताच्या औषधाची तारीख बघितली, तोंड उघडून दात मोजले. पिल्लाचे दुधाचे दात अठ्ठावीस, मोठ्या कुत्र्याचे बेचाळीस. ही अदलाबदल चौथ्या ते सहाव्या महिन्यात होते आणि तेव्हा हिरड्या ठणकतात, म्हणून काही पिल्लं कडक खात नाहीत. लाडूचे सगळे आलेले. डॉक्टर म्हणाले, कुत्रा ठणठणीत आहे. उलटी, जुलाब नाहीत, खेळतोय, मग एखादं जेवण चुकलं तर घाबरू नका. चोवीस तास काहीच खाल्लं नाही किंवा मलूल दिसला तर मात्र लगेच आणा.

वहिनींना ठणठणीत हा शब्द पटला नाही. पैसे देऊन माणूस काहीतरी नाव असलेला आजार घेऊन येतो, रिकाम्या हाताने कसा येईल?

तेव्हा सुरू झाले ते प्रयोग. सोमवारी दुकानातले दाणे. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या दाण्यांना पेडिग्रीच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा.) नाही खाल्ले, म्हणून मंगळवारी दहीभात. बुधवारी दुसऱ्या कंपनीचे दाणे. गुरुवारी नाचणीची पेज. शुक्रवारी दाण्यांवर साजूक तूप. तूप चाटलंन आणि दाणे तसेच. शनिवारी वहिनी गडग्यापाशी आल्या त्या रडवेल्याच. मी म्हटलं, "अहो, रोज नवा पदार्थ मिळतोय म्हटल्यावर मीसुद्धा जुना खाणार नाही."

शिवाय आबांनी, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांनी, कॅल्शियमची बाटली आणवलीन. मोठ्या हाडापेराचा कुत्रा, त्याला कॅल्शियम हवंच, असं त्यांचं मत. हे ऐकून भाची फोनवर ओरडलीच. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं हा उपकार नाही, अपकार आहे. मोठ्या कुत्र्याचं शरीर जास्तीचं कॅल्शियम बाहेर ठेवू शकतं, लहान पिल्लाला ते जमत नाही. आत जातं आणि वाढणारी हाडं-सांधे बिघडवतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी म्हणून जे वेगळे दाणे मिळतात त्यात कॅल्शियम मुद्दाम बेताचं ठेवलेलं असतं. लॅब्रेडॉरला वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत तेच घालायचे आणि बाटली बंद करायची. बाटली बंद झाली. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता माईंचं. माई म्हणजे वहिनींच्या सासूबाई. त्यांचा मुद्दा तोडणारा कुणी अजून जन्माला आलेला नाही. "आमच्या माहेरी कुत्रे भाकरतुकड्यावर म्हातारे झाले. त्यांना कुणी वजन करून वाढलं होतं?" भाचीने याला मात्र मान दिला. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलंय की कुत्रा माणसाबरोबर राहून पिष्ट पचवायला शिकला, लांडग्याहून कितीतरी चांगला. तेव्हा भातभाकरी त्याला विष नाही. पण माईंच्या माहेरचे कुत्रे दिवसभर गाव हिंडून काय काय खायचे ते माईंना दिसत नव्हतं, आणि वाढत्या लॅब्रेडॉरला नुसत्या भातावर हाडं-स्नायू करता येत नाहीत. घरी शिजवून घालायचं तर आहारातलं कळणाऱ्या डॉक्टरकडून मापं लिहून आणावी लागतात. ते झेपत नसेल तर पिल्लाचे तयार दाणे बरे. घर शाकाहारी असलं तरी.

इथे एक गोष्ट तुमच्या-आमच्यात ठेवा. त्या दाण्यांत कोंबडी असते. पिशवीवर चित्रच आहे. भाचीने बजावलेलं की दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा. ते वहिनींनी इतक्या तत्परतेने ऐकलं की माईंना आजवर फक्त डबा दिसलेला आहे.

डब्यावरून आठवलं. आमचा पहिला शोध तिथेच लागला. मुलाने स्वस्त पडते म्हणून पंधरा किलोची पिशवी पाठवलीन, आणि ती उघडी, वरचं टोक गुंडाळून, पडवीत. मेमध्ये रत्नागिरीची हवा कशी असते? पापड तळून वाढेपर्यंत सादळतो. मी चार दाणे हातात घेतले तर मऊ, आणि वास खोबरेल तेलाच्या जुन्या बाटलीचा. दाण्यांवर चरबीचा हात फिरवलेला असतो, तीच खवट होते. आपल्याला नाकाशी धरल्यावर कळतं, त्याला अंगणातून कळतं. बिचारा बरोबर सांगत होता आणि आपण त्याला चोखंदळ म्हणत होतो. ती पिशवी गेली, तीन किलोची आली, घट्ट झाकणाच्या डब्यात बसली.

तरी लाडू जेवेना.

मग भाची आंबे न्यायला दोन दिवस आली. आल्या आल्या लाडूच्या बरगड्यांवरून हात फिरवलान आणि मलाही दाखवलंन. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवर हात फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा रोडका. हात सरळ करून पालथ्या पंजावर फिरवा. तशा लागल्या तर उत्तम. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर जाड. लाडू पालथा पंजा आणि तळवा यांच्या मधोमध.

"हा उपाशी कुत्रा?" म्हणाली. "हा कुठेतरी जेवून येतोय."

संध्याकाळी गडग्यावर पंचनामा झाला. वही-पेन्सिल घेऊन. आबा सकाळच्या चहाला लाडूला ग्लुकोजची बिस्किटं देतात. किती? "एखाददुसरं." नातीने सांगितलं, सहा. माई दुपारी साय घालून वाटीभर भात कालवतात, कारण मुका जीव. भांडीवाल्या मावशी आपल्या न्याहारीतली तुपाची पोळी देतात. वहिनींचे यजमान रात्री क्रिकेट बघताना चिवडा. चिवडा ऐकून भाचीने पेन्सिल खाली ठेवली. "त्यात मनुका असतात?" असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, किती खाल्ल्यावर त्याचा भरवसा नाही. मग माईंचा प्रसादाचा शिरासुद्धा निघाला. कांदा-लसणाची आमटी निघाली. त्याने कुत्र्याचं रक्त फुटतं. चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगगम नातीच्या दप्तरात, तेही वर फडताळात गेलं.

बेरीज करता करता भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि मावशी, तू?"

मी काय? चारच्या चहाला खारी खात गडग्यापाशी उभी असते. तो पलीकडून पुढचे पाय चिऱ्यांवर ठेवतो आणि बघतो. लॅब्रेडॉर कसा बघतो ते ज्याने पाहिलंय त्याने मला बोलावं. दोन खाऱ्या. रोज. लिहा.

सगळं मिळून साडेसहाशे कॅलरीच्या वर गेलं. या वयाच्या, या वजनाच्या कुत्र्याला दिवसभरात लागतात सुमारे चौदाशे, आणि वरखाणं दहा टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे एकशेचाळीस. एवढ्यावर संपलं असतं तरी बरं. दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीने खिडकीतून मला हाक मारली. लाडू खिंडीतून आमच्या आवारात आलेला, माझ्या हापूसच्या कलमाखाली पायांत आंबा धरून सोलत बसलेला. साल बाजूला, गर पोटात. मी दीड महिना वानरांना शिव्या घालत होते हो!

आंब्याचा गर थोडा चालतो, बाठा मात्र चालत नाही. गिळला तर आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनवर जातं. तेव्हापासून पडलेले आंबे उजाडायच्या आत मी गोळा करते.

पुढचं सोपं होतं, म्हणजे सांगायला. सकाळी सातला, ऊन चढायच्या आधी, आणि संध्याकाळी साडेसातला, काट्यावर मोजलेले दाणे, वर थोडं कोमट पाणी म्हणजे वास सुटतो. वीस मिनिटं ताटली खाली. खाल्लं तर खाल्लं, नाही तर उचलायची, आणि पुढच्या वेळेपर्यंत कुणी काही द्यायचं नाही. आर्जवं नाहीत, भरवणं नाही, ताटलीभोवती सगळ्या घराने उभं राहणं नाही. मोठ्या पिशवीतले आणि नव्या पिशवीतले दाणे वेगळे असले तर एकदम बदलायचे नाहीत, सात ते दहा दिवसांत हळूहळू. मधल्या वेळेला गाजर, फरसबी, लाल भोपळ्याची उकडलेली फोड. दूध बंद, चमचाभर दही चालेल. आणि अंडं, चांगलं उकडलेलं, आठवड्यातून दोन-तीनदा. वहिनींच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, तेव्हा ते माझ्याकडे उकडतं आणि गडग्यावरून जातं. हिशेबात धरून.

पहिल्या दिवशी लाडूने ताटली हुंगली आणि माईंकडे बघितलंन. माई उठून देवघरात गेल्या, बघवेना म्हणून. संध्याकाळी चार दाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत असहकार. वहिनींनी मला तीन वेळा विचारलंनीत, "ताई, पाप तर लागणार नाही ना?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ताटली खाली ठेवली आणि वहिनी मागे वळेपर्यंत ती रिकामी. नंतर ताटली ढकलत ढकलत पडवीच्या टोकापर्यंत नेलीन.

माईंचं मन राखायला भाचीने एक युक्ती काढली. सकाळी जे दाणे मोजायचे त्यातलेच मूठभर एका डबीत काढून माईंना द्यायचे. दिवसभर एकेक भरवा, हिशेब बिघडत नाही. माई आता त्याला जपमाळेसारखे दाणे मोजून घालतात. कशाचे असतात ते वर सांगितलंच आहे.

आबांची अजून कुरकुर चालते, की कुत्रा गोलमटोल दिसला पाहिजे. त्यांच्यासाठी भाचीने जाताना एक गोष्ट सांगितलीन. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर घेऊन चौदा वर्षं अभ्यास केला, २००२ साली छापून आला. जोड्या लावल्या, एकाला जेवढं, त्याच्या पंचवीस टक्के कमी दुसऱ्याला. कमी खाणारे सरासरी तेरा वर्षं जगले, दुसरे अकरा वर्षं आणि वर थोडे महिने. आबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचं एक बिस्किट कमी केलंनी, असं वहिनी सांगतात.

आता जून उलटला. लाडू साडेतेवीस किलो आहे आणि दोन्ही वेळा जेवतो. आंबे संपले, पण खिंडीतून तो अजून येतो, चारच्या सुमाराला. मी खारी घरात बसून खाते. गडगा बुजवायला हवा, पण पावसात चिरेखाणी बंद असतात. दिवाळीनंतर बघू.