दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं

असा एक मास्तर तुमच्याही सोसायटीत असणार. निवृत्त, इंग्रजीचा, रेन अँड मार्टिनचं व्याकरण तोंडपाठ. आमचे सर जुहूला राहतात आणि रोज संध्याकाळी चौपाटीवर मला गाठतात.

मे महिन्यात सेक्रेटरींनी त्यांच्याकडे निरोप दिला, "उद्या पाणी येणार नाही, सगळ्यांना सांगा." सरांनी जिने चढून दारोदार सांगितलं, "सेक्रेटरी म्हणाले की दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं." येणार नव्हतं, म्हणजे आता येणार! बरं म्हणून आम्ही दारं लावली. दुसऱ्या दिवशी अख्खी विंग बाटलीतल्या पाण्याने चुळा भरत होती. सर म्हणाले, निरोपात चूक दाखवा. चूक नव्हतीच. काळ एक पायरी मागे, 'उद्या'चा 'दुसरा दिवस', 'इथे'चं 'तिथे'. जन्मभर दहावीच्या पोरांकडून डायरेक्ट-इनडायरेक्ट घोटून घेतलेला माणूस मराठीत बोलताना ढिला कसा पडेल?

मराठीवर तर त्यांचा रागच. "तो म्हणाला की मी मूर्ख आहे. आता मूर्ख कोण? तो की मी?" हे त्यांनी सेक्रेटरींच्या देखत विचारलं. उत्तर द्यायला कुणी धजावलं नाही.

भेळवाल्याकडची कैरी संपली, तर "तो दुःखाने उद्गारला की कैरी संपली होती." रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता याचा सरांना कोण अभिमान! त्याच रेनने 1924 साली 'बो जेस्ट' ही साहसकथा लिहून नाव कमावलं, ते मात्र त्यांच्या लेखी पाय घसरणं.

डोक्यावरून जुहू विमानतळाचं हेलिकॉप्टर गेलं की जेआरडी निघतात. 15 ऑक्टोबर 1932ला टाटा कराचीहून टपाल घेऊन इथे उतरले. सरांना विमानाचं काही नाही. "त्या थैलीत 'इथे सर्व कुशल आहे' अशी किती पत्रं असतील! जुहूत उतरेपर्यंत त्यांचं 'तिथे सर्व कुशल होतं' झालं. हवाई टपाल म्हणजे इनडायरेक्ट स्पीचच रे!" हे मी निदान पन्नासदा ऐकलंय.

मध्ये सर आठवडाभर तापाने पडून होते. चौपाटीवर माझं एकही वाक्य कुणी दुरुस्त केलं नाही. भेळ बेचव लागली. हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर 'लागली होती' करतील.

सरांच्या पत्नी गेल्या त्याला सहा वर्षं झाली. सर त्यांचा विषय काढत नाहीत. परवा वाळूत बसल्या बसल्या आपणहून म्हणाले, "ही म्हणायची, की मला काही कळत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा सापडले होते. मी कसला सोडतोय! "सर, 'कळत नव्हतं'! काळ मागे!"

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. समोर सूर्य पाण्याला टेकला होता.

"नाही रे. 'सूर्य पूर्वेला उगवतो', त्यातलं वाक्य आहे ते. त्याचा काळ बदलत नाही," म्हणाले, आणि माझ्या भेळेतली पुरी उचलली.