उजवीकडची खिडकी

सोरेंतोतल्या भाड्याच्या घरात रात्री साडेनऊला सभा भरली. विषय एकच: उद्या आमाल्फीला कशाने जायचं? उपस्थिती तीन. आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यातून निवृत्त झालेले काका, मिलानमध्ये शिकणारी आणि सगळ्या पर्यायांचा लॅपटॉपवर तक्ता करून बसलेली पुतणी, आणि काकू. काकूंनी आलेपाकाची पुडी काढून टेबलाच्या मधोमध ठेवली होती. वाहन कुठलंही ठरो, मळमळ ठरलेली, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पसरणीच्या घाटात त्यांनी ते अनेकदा सिद्धही करून दाखवलं होतं.

सोरेंतोपर्यंत असा प्रश्न पडला नव्हता. नेपल्सहून इथवर चिर्कुमवेसुवियाना नावाची लोकल येते. व्हेसुव्हियसला वळसा घालत, पोम्पेईच्या अवशेषांच्या दारात थांबत ती तासा-सव्वा तासात सोरेंतोला पोचते आणि तिथेच हात टेकते. पुढे लात्तारी डोंगर. नाव दुधावरून पडलेलं, पण स्वभाव सह्याद्रीचा. त्याची दक्षिणेकडची बाजू सरळ समुद्रात उतरते. फडताळात डबे रचावेत तशी पोझितानो, प्राइयानो, आमाल्फी, आत्रानी, मिनोरी, मायोरी ही गावं त्या उतारावर एकावर एक रचलेली आहेत. रूळ टाकायला सपाटी नाहीच. पुन्हा रेल्वे भेटते ती पार दुसऱ्या टोकाला, व्हिएत्री आणि सालेर्नोला.

मधे उरतो एक रस्ता. एसएस १६३, पन्नासेक किलोमीटर लांब. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला कंबरेएवढा कठडा आणि कठड्यापलीकडे थेट समुद्र. नेपल्सच्या गादीवर बूर्बोन राजे होते त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, तो बांधून झाला. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोडागाडी होती. ती त्यावर अजूनही आरामात मावेल. १९९७ मध्ये युनेस्कोने हा सगळा किनारा जागतिक वारशाच्या यादीत घातला. म्हणजे आता रस्ता रुंद करायचं नाव काढायची सोय नाही. आणि काढलं तरी डोंगर मागे कोण सरकवणार?

‘‘आपण गाडी घेऊ,’’ काका म्हणाले. पिंपरीच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना खिशात होता आणि वर्षभराची त्याची मुदत त्यांना वाया घालवायची नव्हती.

पुतणीने तक्त्याची पहिली ओळ वाचून दाखवली. एक, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. दोन, पोझितानोत पार्किंगचे दर तासावर असतात आणि ते ऐकल्यावर गाडीपेक्षा तिचं पार्किंगच भाड्याने घेतल्यासारखं वाटतं. तीन, गावागावांत मर्यादित वाहतुकीचे भाग आहेत. तिथे चुकून शिरलं की कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. शिवाय २०२२ पासून, उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवसांत सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत इथे सम-विषमचा नियम लागतो. गाडीच्या नंबरावरून ठरतं, आज तुमची पाळी की उद्या. स्थानिकांना त्यातून सूट असते.

काका बाल्कनीत गेले आणि खाली लावलेल्या गाड्यांचे नंबर वाचून परत आले. ‘‘अगं, यांच्या नंबराच्या शेवटी अक्षरं आहेत. ‘सीडी’ सम की विषम?’’

इटलीत आधी दोन अक्षरं, मधे तीन आकडे आणि पुन्हा दोन अक्षरं असा नंबर असतो. त्यातला शेवटचा आकडा बघायचा. पण खरा मुद्दा काकूंनी मांडला. ‘‘अहो, तुम्ही गाडी चालवणार म्हणजे तुम्ही समोरच्या बसचं बूड बघणार. मग इतके पैसे खर्चून आलात कशाला?’’ याला उत्तर नव्हतं. या रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस घरी परतल्यावर इतरांच्या फोटोंत इटली बघतो. दुसऱ्याच्या हाती चाक दिलं म्हणजे सगळं सुखाचं होतं असंही नाही. जॉन स्टाइनबेकने १९५३ मध्ये ‘हार्पर्स बझार’मध्ये पोझितानोवर लेख लिहिला. भाड्याच्या गाडीतून तिथवर येताना नवरा-बायकोची कशी गाळण उडाली, हे त्यात त्याने काही न लपवता सांगितलं आहे. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहिणारा माणूस तो, काही अगदीच घाबरट नसणार.

गाडी बाद झाली. मग काकांनी हुकमाचं पान काढलं. ‘‘व्हेस्पा!’’

इथे काकांचं थोडं ऐकून घ्यायला हवं, कारण हा माणूस या विषयात पाहुणा नव्हे. महायुद्धात विमानं बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीने युद्धानंतर पोन्तेदेराच्या कारखान्यात स्कूटर काढली, ती १९४६ मध्ये. आराखडा कोर्रादिनो दास्कानियोचा. हा गडी मूळचा हेलिकॉप्टरवाला आणि त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. कपड्यांना तेल लागतं, पंक्चर झालं तर चाक काढताना घाम फुटतो, बसायला टांग टाकावी लागते. म्हणून त्याने इंजिन झाकलं, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एका बाजूने धरलं आणि पाय ठेवायला सपाट जागा दिली. १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर बजाजने आपल्याकडे हीच व्हेस्पा बनवली. करार संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. काकांची नोकरी चेतकच्या लाइनवर झाली. त्यामुळे इटलीत उतरल्यापासून रस्त्यात व्हेस्पा दिसली की ते चालता चालता थांबत आणि सुनेच्या माहेरचं कुणी भेटल्यासारखं तिच्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका भाड्याच्या दुकानात हजर. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्धच्या पत्रकावर सही केलेल्या या गृहस्थांनी इथे हेल्मेट निमूटपणे चढवलं. मग त्यांनी डाव्या हाताची मूठ फिरवून पाहिली. फिरेना.

‘‘गिअर कुठाय?’’

गिअर नव्हते. भाड्याच्या व्हेस्पा आता ऑटोमॅटिक असतात. किकही नव्हती, बटण होतं. काकांचा चेहरा पडला, पण हाताची सवय जात नाही. त्यांनी स्कूटर आपल्याकडे चांगली तीस अंशांत कलती केली, क्षणभर धरली आणि पुन्हा सरळ उभी केली. पेट्रोल नीट उतरावं म्हणून महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने रोज सकाळी केलेला हा विधी. दुकानदाराला तो ठाऊक नसावा. आपली स्कूटर पाडायला निघालेल्या गिऱ्हाइकाकडे तो दोन्ही हात पसरून धावला. त्यानंतर गल्लीतल्या फेरीत काका सवयीने डाव्या बाजूने निघाले आणि समोरून पावांची गाडी आली. दुकानदाराने हसतमुखाने, अगदी आदराने किल्ली परत घेतली.

तशीही ती तिघांना पुरली नसतीच. आणि व्हेस्पाचा न्याय गाडीचाच: चालवणारा आरशात बघतो, मागे बसलेल्याला समुद्र मिळतो. इथे मागे बसणारीने आधीच नकार कळवला होता.

राहिली बस.

बसचं तिकीट बसमध्ये मिळेलच असं धरून चालायचं नसतं, ते तबाक्कीत काढायचं. तबाक्की म्हणजे तंबाखूचं दुकान. जुन्या पाट्यांवर मीठ-तंबाखू असं लिहिलेलं असतं, कारण एके काळी मिठाच्या विक्रीवरही सरकारचा मक्ता होता. एसटीचं तिकीट पानाच्या टपरीवर मिळावं तसा हा प्रकार काकूंना फार पटला. स्टेशनबाहेर रांग होती. पुढे उभ्या असलेल्या परदेशी जोडप्याने बस दिसताच बॅगा उचलल्या. काकूंनी बॅग उचलली नाही. त्यांनी दारातून आधी रुमाल फेकला, तो उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीत पडला, मग त्या सावकाश चढल्या. स्वारगेटला मिळालेलं शिक्षण कुठेही वाया जात नाही.

उजवीकडचीच खिडकी का, तर वाहतूक उजवीकडून आणि सोरेंतोहून आमाल्फीकडे जाताना समुद्रही उजवीकडे. म्हणजे जाताना आपली बस कठड्याला घासून चालणार आणि खिडकीखाली रस्ता दिसतच नाही, एकदम पाणी दिसतं. डावीकडे बसणाऱ्याला दीड तास डोंगर दिसतो आणि त्यावर दगड पडू नयेत म्हणून ताणलेल्या जाळ्या. काकांना डावीकडची जागाही मिळाली नाही. ते दांडीला लटकून उभे राहिले. त्यांच्या नाकासमोर एका उंच जर्मनाची काख होती आणि आमाल्फीपर्यंतचं निसर्गदर्शन त्यांना त्या काखेतून घडलं.

अंतर जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर, वेळ पावणेदोन तास. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ड्रायव्हर लांबलचक भोंगा देई. पलीकडून दुसरा भोंगा आला की बस थांबे. प्राइयानोच्या अलीकडे एका वळणावर दोन बसगाड्या समोरासमोर आल्या. मागे गाड्यांच्या रांगा लागल्या, स्कूटरवाले फटीफटीतून पुढे सरकले. आपल्या ड्रायव्हरने काच खाली केली, हात बाहेर काढून आरसा मिटला आणि चालकांमध्ये काही बोलणं झालं. पुतणी म्हणाली, ते रस्त्याबद्दल नव्हतं, फुटबॉलबद्दल होतं. मग समोरची बस वीतभर मागे गेली, ही हातभर पुढे आली. दोन्हींच्या पत्र्यांमध्ये घडीच्या पोळीएवढी जागा उरली असेल. काका जर्मनाच्या काखेखालून ओरडले, ‘‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’’ ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. तो त्याच क्षणी थांबला आणि नंतर त्याने आरशातून काकांकडे बघून मान डोलावली. काकांची छाती फुगली. काकूंनी आलेपाकाची वडी जर्मनाला दिली, कारण त्याला सगळ्यांत जास्त गरज होती.

आमाल्फीला बस उभी राहते ती समुद्रालगतच्या चौकात. तिथे फ्लाव्हियो जोयाचा पुतळा आहे. याने होकायंत्राचा शोध लावला, अशी आमाल्फीकरांची श्रद्धा. असा माणूस होऊन गेला की नाही, यावरच अभ्यासकांना शंका आहे. पण पुतळा भक्कम आहे आणि जगाला दिशा देणाऱ्या या पुरुषाच्या पायाशी दिवसभर शेकडो लोक ‘आपली बस कुठली?’ असं विचारत फिरत असतात. त्या चौकात उभं राहिलं की एक गोष्ट मात्र लक्षात येते. गावाची पाठ डोंगराकडे आणि तोंड पाण्याकडे आहे. व्हेनिस, जेनोआ, पिसा यांच्या पंगतीतलं हे सागरी गणराज्य. इटलीच्या नौदलाच्या झेंड्यावर आजही या चौघांची चिन्हं आहेत. १३४३ च्या वादळात किनाऱ्यालगतचं बरंच गाव समुद्रात गेलं. तरी पुढची पाचशे वर्षं इथे येण्याची वाट होडीचीच होती, नाहीतर खेचरांची. डांबरी रस्ता इथला उपरा. आपण तक्ता उलट्या टोकाने वाचत होतो, हे पुतणीच्या तिथे ध्यानात आलं.

त्यामुळे पुढे पोझितानोला बोट. साधारण पंचवीस मिनिटं. तिकीट बसच्या कितीतरी पट, समुद्र खवळला तर फेरी रद्द, आणि हिवाळ्यात हा पर्याय जवळजवळ बंदच असतो. पण बोट धक्क्यापासून शंभर हात लांब गेली आणि काकू उठून उभ्या राहिल्या. बसमधून तुकड्यातुकड्यांनी दिसलेलं सगळं आता एका नजरेत मावत होतं: लिंबांचे पायऱ्या-पायऱ्यांचे मळे, त्यांच्यावर घरं, घरांवर कडा. मधल्या उंचीवर कुणीतरी करगोटा बांधावा तसा रस्ता आणि त्यावर एक निळी काडेपेटी सरकत होती. वळणाशी थांबली. भोंगा इथवर ऐकू आला.

‘‘त्यात होतो आपण?’’ काकूंनी विचारलं आणि कठडा घट्ट धरला. दोन तास बसमध्ये त्या घाबरल्या नव्हत्या, त्या आता घाबरल्या.

पोझितानोला बोट अगदी खाली, चर्चच्या रंगीत कौलांच्या घुमटाजवळ सोडते. बाकीचं गाव वर. वर म्हणजे पायऱ्या. इथे जिने हे वाहतुकीचं साधनच आहे. डोंगरावरच्या नोचेल्ले गावाकडे दीड हजारांहून जास्त पायऱ्या जातात आणि तिथून पुढे ‘देवांची वाट’ लागते. देवांना गुडघे नसावेत. काकांनी दोनशे पायऱ्यांपर्यंत मोजलं, मग नामस्मरण सुरू केलं. वर बघावं तर पायरी चुकते, म्हणून सगळा वेळ नजर बुटांवर. वाटेत एका टोपलीत हाताच्या पंजाएवढी लिंबं होती. ‘‘हे लिंबू की म्हाळुंग?’’ काकू म्हणाल्या आणि त्या निमित्ताने सगळे पाच मिनिटं टेकले.

जिना संपून रस्ता लागला आणि काका एकदम थबकले. भिंतीला खेटून एक तीनचाकी उभी होती. एक दिवा, चिमुकली केबिन, मागे हौद, हौदात लिंबांच्या पेट्या आणि पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे. जिथे गाडी वळत नाही आणि माणूस दमतो, तिथे या किनाऱ्यावर हीच कामाला येते. व्हेस्पाची धाकटी बहीण, जन्म १९४८. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि ही मधमाशी. इटालियनमध्ये तिला ‘आपे’ म्हणतात. आपल्याकडच्या गावागावांत तिची झाली ‘अ‍ॅपे’, आणि गेली पंचवीसेक वर्षं ती बारामतीत बनते.

‘‘बारामतीची!’’ काका म्हणाले.

‘‘काका, ही जुनी दिसतेय. इथलीच असेल,’’ पुतणी म्हणाली.

काका ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी वाकून चाक बघितलं, बोनेटवरून हात फिरवला, पेट्या उतरवून आलेल्या म्हाताऱ्या चालकाला नमस्कार केला आणि छातीवर हात ठेवून ‘‘आकुर्डी’’ असं सांगितलं. म्हाताऱ्याने आपल्या छातीवर हात ठेवून ‘‘पोझितानो’’ सांगितलं. दोघांचा परिचय झाला. मग काकांनी फोन काढला आणि अ‍ॅपेचे फोटो घ्यायला सुरुवात केली. समोरून, बाजूने, हौदासकट, लिंबांसकट. चांगले वीस-बावीस झाले असतील.

‘‘अहो,’’ काकू शेवटी म्हणाल्या, ‘‘एकदा मागे वळा. समुद्र आहे.’’

‘‘थांब गं,’’ काका गुडघ्यांवर बसत म्हणाले, ‘‘सायलेन्सर राहिलाय.’’