ग्रामरवाले सर

इंग्रजी शिकवणारे गावात पुष्कळ असतात. ग्रामरवाले सर एकच. पिठाच्या गिरणीच्या वरची खोली, खडूने पांढरी झालेली बोटं आणि काखेत रेन अँड मार्टिन. मुखपृष्ठ कधीच गळालेलं, ब्राऊनपेपरवर ब्राऊनपेपर चढलेला. यातले रेनसाहेब आपल्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, हे सर छाती फुगवून सांगतात. त्याच साहेबांनी १९२४ साली 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहून जगभर नाव कमावलं, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरतो. एवढा व्याकरणाचा माणूस, आणि शेवटी कादंबऱ्या!

२००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं आणि सरांच्या जिन्यावर चपलांचा ढीग वाढला. पण काळ असो की प्रयोग, सरांचं मन रमतं ते नामातच. पाच इंद्रियांपैकी एकाला तरी कळलं ते काँक्रीट, नुसतं मनाला कळलं ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट. शिवाय "नेस, टी, हूड, शिप! शेपूट बघा, जनावर ओळखा!"

"सर, सिटी?"

"अपवाद."

"विटनेस?"

"अपवाद."

"बॅटलशिप?"

"तू उभा राहा."

वाऱ्याची अडचण नाही, तो अंगाला लागतो. वासाचीही नाही, खालून गिरणीचा येतोच. घोडं अडतं भुतापाशी. दरवर्षी एक कार्टं विचारतंच आणि त्या दिवशी पुढचा धडा होत नाही. सरांचा निकाल ठरलेला: दिसो न दिसो, भुताला कल्पनेत तरी आकार आहे, त्याचं अनेकवचन होतं, तेव्हा काँक्रीट.

"म्हणजे सर, भूत असतं?"

"व्याकरणात असतं!"

हा निकष सर वर्गाबाहेरही सोडत नाहीत. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष 'सहकार्य' मागू लागले की हे विचारतात, "ते असू द्या, टाकी कधी धुणार?" कुणाच्या निरोप समारंभात निष्ठा, जिव्हाळा, सचोटी यांची बरसात चालू असते तेव्हा सर शांतपणे शाल-श्रीफळाची वाट पाहतात. "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणणाऱ्या पालकाला ते वहीवर लिहून देतात: प्रॉमिस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. फी, काँक्रीट. माझ्या मते उभ्या अभ्यासक्रमात याहून नेमकं उदाहरण नाही.

फक्त घरात त्यांची डाळ शिजत नाही. परवा वर्ग रंगात आला असताना आतून काकूंची हाक आली, "अहो, गॅस संपला!"

"बघा," सर मुलांकडे वळले, "गॅस दिसत नाही, पण वास येतो. म्हणून..."

"संपलाय म्हटलं. आता कसला वास?"

सरांनी खडू खाली ठेवला. "अ‍ॅबसेन्स," ते पुटपुटले, "अ‍ॅबस्ट्रॅक्ट," आणि सिलिंडरचं पुस्तक शोधायला आत गेले.