घोड्याला निदान दात असतात

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस बघण्यासारखा असतो. मालक कोण, याची त्याला फारशी पडलेली नसते. तो आधी जबडा उघडतो, दात बघतो, वयाचा अंदाज घेतो. मग खूर उचलतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चालवून बघतो, पळवून बघतो. विकणारा शेजारी उभा राहून घोड्याच्या खानदानाची कितीही कथा सांगो, गिऱ्हाइकाची नजर पायांवरून हलत नाही. हाच माणूस पुढच्या आठवड्यात नोकरीला लागलेल्या मुलीसाठी जुनी आल्टो बघायला जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कोणाची होती?"

"डॉक्टरसाहेबांची, आप्पा. घर ते दवाखाना, बस!"

झाली तपासणी. आता फक्त भाव.

जुन्या गाडीच्या बाजारात आपल्याकडे वर्णव्यवस्था आहे. सगळ्यात वर 'डॉक्टर यूज'. त्याखाली गुरुजींची गाडी, मग बँकेतल्या साहेबांची. काळी-पिवळीसारखी माणसं कोंबून नेलेली किंवा तीन जणांच्या हाताखालून गेलेली गाडी कोणी विकतच नाही, म्हणजे निदान तशी सांगून विकत नाही. नंदुरबार जिल्ह्यात विकायला निघालेल्या 'डॉक्टर यूज' गाड्या खरोखर मोजल्या, तर अक्कलकुवा-धडगावात डॉक्टरचं एकही पद रिकामं राहायला नको.

आणि समजा, खरंच डॉक्टरची असली, तरी आनंदाचं कारण काय? दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यात जाऊन बंद होणारी, संध्याकाळी पुन्हा दीड किलोमीटर येणारी गाडी. तिचं इंजिन कधी नीट तापत नाही, बॅटरी कधी पुरती भरत नाही, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. नंदुरबार-सुरत धावलेली गाडी तिच्यापेक्षा ठणठणीत निघू शकते. पण मीटरवर मोठा आकडा दिसला की बापाचा चेहरा उतरतो. व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो आकडाच उतरवतो. घोड्याचे दात कोणाला मागे फिरवता येत नाहीत, मीटर येतं. मीटर म्हणतं बत्तीस हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटला खळगा, गिअरच्या नॉबवरचे आकडे पुसलेले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी मागाव्यात, तर आप्पांना तो व्यापाऱ्याचा अपमान वाटतो. "ओळखीचा माणूस आहे," म्हणतात. फसवायला ओळख लागतेच.

काही गोष्टी मात्र लपत नाहीत. आपला जिल्हा मिरचीचा. एसी पूर्ण सोडल्यावर गाडीतल्या चौघांना एकदम शिंका आल्या, तर मागची सीट पाडून काय वाहून नेलं हे आरसीत बघायची गरज नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं जरा कठीण. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांची नुसती टपं दिसत होती. त्या गाड्या काही विरघळल्या नाहीत. धुऊन, पुसून, अत्तर मारून कुठे ना कुठे उभ्या असतीलच, आणि गुजरात आपल्याला फार लांब नाही. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभराकडे कोणी बघत नाही. तिथे गाळाची रेघ दिसली की पुढचं भाषण ऐकायचं कारण उरत नाही. स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डाही बघावा. आप्पा टायरला लाथ मारून बघतात. टायर लाथेवर काय सांगतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

'भरवशाची' म्हणजे काय, हेही एकदा ठरायला हवं. बापाच्या लेखी भरवशाची म्हणजे अॅव्हरेज देणारी. "किती देते?" या प्रश्नाला आपल्याकडे मंत्राचा दर्जा आहे. तीच गाडी आपटल्यावर आतल्या माणसाला किती सोडते, हे कोणी विचारत नाही. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२० साली टाटा टियागोला चार तारे मिळाले होते. २०२३ मध्ये आल्टो के-१० ला दोन मिळाले, तर आपल्या लाडक्या वॅगन-आरला एक. ताऱ्यांचा विषय काढला की व्यापारी आकाशाकडे बघतो.

खरं तर इथे मालकापेक्षा गाडीची जन्मतारीख कामाची आहे, आणि ती चेसिस नंबरसकट आरसीवर छापलेली असते. एप्रिल २०१९ पासून कारला एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना यायला २०२१ संपावं लागलं. म्हणजे २०१७ ची चकाचक 'डॉक्टर यूज' आणि २०२२ ची जराशी खरचटलेली गाडी, यात मुलीला चांदसैली घाटातून धडगावला ये-जा करायची असेल, तर खरचटलेली घ्यावी. पण खरचटा शेजाऱ्यांना दिसतो, एअरबॅग दिसत नाही.

जुलै २०१९ च्या त्याच नियमाने आणखी एक गोष्ट गाडीत बसवली. वेग ऐंशीच्या वर गेला की गाडी टुंग करते, एकशे वीसच्या वर गेला की थांबतच नाही. आप्पा ज्यासाठी रोज रात्री फोन करणार आहेत, ते काम सरकारने फुकटात करून दिलं आहे. ही एवढी माहिती दिली तरी २०१९ नंतरच्या गाड्यांचा भाव चढेल.

मघाशी गुजरातचा विषय निघाला, त्यावरून आठवलं. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. तिथल्या बाकड्यावर एक माणूस दोन राज्यांत बसू शकतो. गाडीला मात्र ही सवलत नाही. सुरतेहून जीजे पासिंगची गाडी स्वस्तात आणायची आणि 'शेजारीच तर आहे' म्हणून तशीच फिरवायची, ही आपल्या जिल्ह्याची जुनी खोड. कायदा सांगतो, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्या. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते, इथला कर भरावा लागतो, मग एमएच-३९. सुरतेत वाचवलेले पैसे नंदुरबारच्या आरटीओत जमा होतात. मधले दोन हेलपाटे फुकट.

सगळ्यात मोठी गंमत कागदांची. पैसे देताना नोटा दोनदा मोजतो. कागद 'नंतर बघू'. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतली की गाडी आपली, असं गृहीत असतं. त्या सह्यांची पाकिटं कपाटात वर्षानुवर्षं झोपतात. विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे हात बदलत गेली, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली. अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, कागदावर ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. तेव्हा झोप गाडी घेणाऱ्याची नाही, विकणाऱ्या 'डॉक्टरसाहेबां'ची उडायला हवी.

विम्याचंही तेच. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. आप्पा हे ऐकतात आणि म्हणतात, "विमा लाइव्ह आहे ना?" आहे. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरता, ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी. आणि जुनं कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी हातात घ्यावा. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकला तर कर्जाचा बोजा, विम्याची मुदत आणि कितवा मालक हे चहा यायच्या आत दिसतं. मुलीने ते आधीच बघितलेलं असतं. पण गाडी बघायला तिला नेत नाहीत, दोन काका आणि एक मेकॅनिक नेतात.

एकदा तिने विचारलंही, "पप्पा, नवीनच घेऊ या का?" प्रश्न वेडा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि एस-प्रेसोसारख्या गाडीची शोरूममधली किंमत साडेतीन लाखांपासून सुरू झाली. जुनी गाडी विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्यावर आधीपासूनच १८ टक्के भरावे लागतात. म्हणजे कराच्या दरात तरी नवी आणि जुनी एका रेषेत आल्या. साडेतीनच्या जुन्यासाठी घासाघीस करण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. पण बापाचं उत्तर तयार असतं: "आधी जुनीवर हात साफ कर." मुलगी चार वर्षांपासून चालवते आहे. हात साफ करायचा आहे तो आप्पांना, घासाघिशीवर.

शेवटी गाडी ठरते. हप्ता मुलगी भरणार, पेट्रोल मुलगी भरणार, चलन आलं तर तेही तीच. आरसीवर नाव मात्र आप्पांचं. कारण विचारलं तर आवाज खाली येतो: "उद्या लग्न झालं तर गाडी तिकडे जाईल ना." मुलासाठी घेतली तरी नाव आप्पांचंच, तिथे कारण वेगळं: "त्याचं ड्रायव्हिंग अजून कच्चं आहे." दोन वर्षांनी लग्न होतं, रुसवाफुगवा होतो, गाडी रीतसर मुलीच्या नावावर चढते. डॉक्टर पहिले, आप्पा दुसरे, ती तिसरी. मग ती विकायला जाते तेव्हा तोच व्यापारी आरसी उलटी-सुलटी करतो, मान हलवतो आणि म्हणतो, "थर्ड ओनर शे ना ताई, चाळीस कमी पडतीन."