नऊशे चौदा पूर्णांक चार

चार मित्र स्कॉटलंडच्या डोंगरात दिवसभराच्या पायपिटीला निघाले की त्यांत एक मन्रोवाला असतोच. त्याची ओळख करून द्यायला नको; आपल्या सह्याद्रीत हाच गृहस्थ किल्ल्यांची यादी खिशात घेऊन हिंडतो. सर ह्यू मन्रो यांनी 1891 साली तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांचे तक्ते छापले आणि या जमातीची सोय झाली. तीन हजार फूट म्हणजे 914.4 मीटर. हा आकडा तो दशांशासकट सांगतो. सँडविच चावताना सांगतो, ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगतो, धुक्यात स्वतःचे बूट दिसेनासे झाले तरी सांगतो. आरोखरजवळचा कॉब्लर हा त्या भागातला सर्वांत देखणा डोंगर. माथ्यावरच्या खडकाच्या भोकातून पलीकडे निघून शेवटचा धोंडा चढावा लागतो. पण उंची 884 मीटर! मन्रोवाला त्याला बाजूला टाकून शेजारच्या 926 मीटरच्या बेन नार्नेनकडे वळतो, तिथल्या दगडांच्या राशीला हात लावतो, वहीत खूण करतो आणि उतरायला लागतो.

याला डोंगर कळतच नाही, नुसता हिशेब कळतो, असा आक्षेप सगळेच घेतात. पण तो पुराव्यावर टिकत नाही. यादी नसती तर सगळे जण बेन नेविस आणि बेन लोमंडच चढत बसले असते. फिशरफील्डच्या रानातल्या, रस्त्यापासून मैलोगणती दूरच्या शिखरांकडे कोण फिरकलं असतं? शिवाय तिथे माथा इतक्या वेळा ढगात असतो की केवळ देखाव्यासाठी निघणारा घरीच बसेल. आकड्यासाठी निघालेला मात्र पावसातही निघतो आणि त्याच्यामागे उरलेले तिघे. ताशी तीन मैल, वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास, हा नेस्मिथचा 1892 चा नियम त्यालाच पाठ असतो. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं; तिघे फोटो काढत रेंगाळतात, त्यांना वेळेत खाली आणतो तो हाच रुक्ष हिशेबनीस. आता, तीन हजारांतच असं काय आहे? काहीच नाही. पण 99 वर बाद झालेल्या फलंदाजासाठी हळहळणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. ग्लेन कॅरनजवळचं एक शिखर 2009 च्या मोजणीत जेमतेम एका मीटरने कमी भरलं आणि यादीतून गेलं. 2012 साली आणखी एक गेलं. आज 282 उरलीत.

ती संपली की हा माणूस डोंगर सोडेल, हाही गैरसमजच. अडीच ते तीन हजार फुटांच्या डोंगरांची ‘कॉर्बेट’ नावाची वेगळी यादी आहे, आणि कॉब्लर तिच्यात आहे. म्हणजे ज्याच्याकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवली, त्याच्याच पायथ्याशी मन्रोवाला एक दिवस मुकाट्याने येऊन उभा राहतो. तोवर मित्रांचे गुडघे गेलेले असतात. बहुतेक वेळा तो एकटाच असतो. म्हणून बोलावतोय तोवर जा त्याच्याबरोबर. आकडा ऐकावा लागेल, ऐका. खुद्द मन्रो 1919 साली वारले, तेव्हा त्यांचीही यादी अपुरीच होती.