सेनापतींस विनंती विशेष

राजमान्य राजेश्री सेनापती,
मुक्काम सह्याद्री व्याघ्र प्रकल्प (कोयना की चांदोली, ते आपल्यालाच ठाऊक) यांस सांगलीकर ट्रेकर मंडळींचा साष्टांग दंडवत. विनंती विशेष. पत्र उघडंच धाडतोय, कारण आपल्या पत्त्यावर पाकीट घेऊन जायला पोस्टमन तयार होईना.

तक्रार आहे, पण आधी कौतुक. २०२२ साली आपला फोटो राधानगरीत निघाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत गगनबावड्याचा रस्ता ओलांडला असणार, आंबा घाटाचा ओलांडला असणार, तेही ट्रकांच्या वर्दळीतून. अंगावरचे पट्टे जुळवून बघितले तेव्हा कुठं कळलं की दोन्हीकडचे वाघोबा एकच.

आता मुद्द्याचं. हा काय प्रकार म्हणायचा? एवढा पल्ला मारायचा आणि कुणाला सांगायचं नाही? ना ग्रुप काढला, ना वर्गणी जमवली, ना पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट शिवले. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांचं जंगल आपण बिनओळखपत्राचं फिरता. आम्हा बेचाळीस जणांना एका दिवसाच्या वासोट्यासाठी आधार कार्डाच्या बेचाळीस झेरॉक्स काढाव्या लागल्या.

होय, गेल्या डिसेंबरात आम्ही वासोट्याला येऊन गेलो. गडाचं दुसरं नाव व्याघ्रगड, म्हणजे घर तसं आपलंच. यजमान मात्र फिरकले नाहीत.

रात्री एकला सांगली सोडली. कराडपर्यंत भेंड्या, पुढं घोरणं. आमच्या महिनाभर आधीच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तारा वाघिणीलाही ताडोब्याहून गाडीनं चांदोलीला आणलं. एवढ्या लांबच्या प्रवासात बाई आमच्यापेक्षा शिस्तीत बसल्या असणार. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासला आलो, तर एकानं मफलरमधून तोंड काढून विचारलं, "फुलं कुठायत?" फुलं सप्टेंबरात असतात, सेनापती. डिसेंबरात तिथं वाळकं गवत असतं आणि हाडं फोडणारा वारा.

बामणोलीत शिवसागराच्या पाण्यावरून वाफ निघत होती. पोहे खाऊन लाँचमध्ये बसलो. मध्यावर आल्यावर नावाडी पाण्याकडं बोट करून म्हणाला, "आमचं जुनं शिवार ह्याच्या खाली हाय." कोयना धरणासाठी लोक उठले, पुढं जंगलासाठीही उठले. चांदोलीतून उठवलेली काही गावं तर आमच्याच जिल्ह्यात वसवली, त्यामुळं आपल्या जागेचे जुने मालक आम्हाला बाजारात भेटतात. मिनिटभर लाँचमध्ये कुणी बोललं नाही. मग एकानं स्पीकर लावला.

तो स्पीकर उतरल्या उतरल्या वनखात्याच्या चौकीवर जमा झाला. त्यानंतर जे झालं त्याला आमच्यात 'पंचनामा' म्हणतात. वनरक्षकानं प्रत्येकाची सॅक उघडायला लावली आणि आतलं प्लास्टिक मोजून वहीत लिहिलं : बाटल्या दोन, बिस्किटाचे पुडे तीन, चिक्की चार. परत येताना तेवढंच दाखवायचं, नाहीतर अनामत गेली. आमच्याकडं सांगलीचं भडंग होतं, पाच किलो, बेचाळीस पिशव्यांत वाटून आणलेलं. एवढ्या पिशव्या वहीत चढवायच्या म्हणल्यावर तो माणूस आमच्याकडं बघत राहिला. शेवटी चौकीच्या ओट्यावर बसून सगळं भडंग दोन स्टीलच्या डब्यांत ओतलं आणि रिकाम्या पिशव्या त्याच्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. शेंगदाणे कमी पडलेत हा शोध त्याच वेळी लागला, त्यावरून दोन मित्र अजून बोलत नाहीत.

वाट मारुतीच्या मूर्तीपासून रानात शिरते. झाडी अशी दाट, की दहा वाजताही ऊन जमिनीवर चिल्लर सांडल्यासारखं. अर्ध्या चढावर दमून बसलो, तेव्हा लीडरनं ताई तेलिणीची हकीकत काढली : पेशव्यांचे सरदार बापू गोखले चालून आले आणि या बाईनं हा गड कित्येक महिने लढवला. ऐन लढाईत मागून प्रश्न आला, "वर रेंज येती का?"

पुढं एका झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पेटी बांधलेली दिसली. आपले फोटो काढतात तोच कॅमेरा. सेनापती, आपण त्याच्यासमोरून मान खाली घालून निघून जाता म्हणे. आमचे बेचाळीसच्या बेचाळीस जण वाकून, दोन बोटं दाखवून, ओठांचा चंबू करून गेले. एकजण केस नीट करायला परत आला. त्या कॅमेऱ्याचं कार्ड वनखात्याच्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर उघडलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, या विचारानं मला अजून झोप येत नाही.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी आणि बाबू कडा. खाली कोकण, धुरकट. कड्यावरून ओरडलं की आवाज फिरून येतो, म्हणून सगळे आळीपाळीनं ओरडले. प्राणी का दिसत नाहीत, अशी विचारणा त्यानंतर लगेचच झाली. तिकिटाचे पैसे भरलेत, किमान एखादा गवा तरी, असं एका काकांचं म्हणणं पडलं. त्यांचं गाऱ्हाणं आपल्यापर्यंत पोचवायचं मी कबूल केलं होतं, ते इथं पोचवलं.

मुक्कामाला बंदी, त्यामुळं उजेड असेतो खाली उतरलो. पाच तासांच्या या पायपिटीला आमच्या टी-शर्टवर 'मोहीम फत्ते' असं छापलेलं होतं, निघायच्या आधीच. चौकीवर पुन्हा वही उघडली. बाटल्या जुळल्या, बिस्किटं जुळली, चिक्कीत एक कागद कमी भरला. सगळे खिसे उलटे झाले, मोजेसुद्धा. नाहीच. एकाची अनामत अडकली, आणि तो एक म्हणजे प्रस्तुत पत्रलेखक.

तेव्हा विनंती विशेष ती एवढीच. कागद पिवळा आहे, त्यावर शेंगदाण्याचं चित्र आहे, आणि तो बहुधा नागेश्वरच्या फाट्याच्या अलीकडं पडलाय. रात्रीच्या फेरीत आढळल्यास कृपया दातात धरून चौकीच्या पायरीवर ठेवावा. वनरक्षकाला हाक मारू नये, तो एकटाच असतो.

बहुत काय लिहिणे. ताराबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
बॅच क्रमांक दोन, सीट अडतीस