आकडेपिसा

पार्किंगमध्ये ४१४१ नंबरची गाडी उभी असली की येणाऱ्याजाणाऱ्याला प्लेटवर ‘दादा’ दिसतो. आकडेपिशाला तिथे ४१ गुणिले १०१ दिसतात. असा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एखादा तरी असतोच. वीजबिल हातात पडलं की रकमेआधी तो बारा अंकी ग्राहक क्रमांक बघतो, एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करतो, त्यांच्या फरकाला अकराने भाग गेला की प्रसन्न होतो आणि त्या आनंदात बिलाची मुदत उलटून जाते. घरच्यांच्या मते तो कामातून गेलेला आहे. माझ्या मते आकड्यांशी निःस्वार्थपणे वागणारा आपल्यात तोच एकटा. बाकीचे सगळे आकड्याला कामाला जुंपतात. कोणी बेरीज नऊ येणाऱ्या नंबरासाठी आरटीओत जादा पैसे मोजतो, कोणी तेरा नंबरचा फ्लॅट नाकारतो. आकडेपिसा एवढंच विचारतो, की बाबा रे, तू आहेस तरी कसा?

आणि मिळालेलं उत्तर पडताळून घेतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर हे त्याचं दैवत. चार अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच चढत्या क्रमाने मांडून वजा करा, येईल त्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. फार तर सातव्या वजाबाकीला ६१७४ येतं आणि मग तिथून हलत नाही. दादांची गाडी ३२६७, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी स्टेशनं घेत सहाव्या वजाबाकीत तिथे पोचते. चारही अंक सारखे असले तरच घात होतो: हौसेने चढ्या भावात घेतलेला ७७७७ पहिल्याच वजाबाकीत शून्य! अंकज्योतिषाचं भाकीत असं पार्किंगमध्ये उभ्याउभ्या तपासून बघता येत नाही.

जाणकार म्हणतील, हा सगळा दशमान पद्धतीने लिहिण्याचा खेळ, यात गणित कुठे आलं? आक्षेप वजनदार आहे. ८७१२ ही आपल्याच उलट्या रूपाची, म्हणजे २१७८ ची, चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट; असली नवलं कोड्यांच्या सदराला शोभतात, असं खुद्द गणितज्ञ हार्डींचं मत होतं. पण आकडेपिसा तेवढ्यावर थांबत नाही. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संख्या मर्सेनने १६४४ मध्ये मूळ संख्यांच्या यादीत घातली. ती मूळ नाही हे ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, पण तिचे अवयव १९०३ मध्ये फ्रँक कोलने फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. संख्या कुठल्याही पद्धतीने लिहा, अवयव बदलत नाहीत. ही गोष्ट आकडेपिसा लग्नाच्या पंगतीत सांगतो, दोन्ही अवयव तोंडपाठ, आणि शेजारचा जिलबीसाठी थांबलेला असल्यामुळे उठूनही जाऊ शकत नाही.

राहता राहिला उपयोगाचा प्रश्न. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो, म्हणून लिहिताना एखादा अंक चुकला तर यंत्राला पत्ता लागतो. अंकांशी असं खेळत बसणाऱ्यांच्याच जातकुळीचं हे काम. आकडेपिसा मात्र स्वतःच्या बचावात हा दाखला कधी देणार नाही. एखादा आकडा उपयोगी पडतो असं कळलं, की त्याच्यातला त्याचा रसच जातो.